फ्रंट यायच्या आधी

आयोवा राज्याच्या पूर्व टोकाला, मिसिसिपी नदीच्या काठावर डेव्हनपोर्ट हे शहर आहे. नॅशनल वेदर सर्व्हिसची अमेरिकेत १२२ स्थानिक कार्यालयं आहेत. त्यांतलं एक इथल्या छोट्या विमानतळाला लागून आहे, आणि मी तिथे हवामानाचा अंदाज वर्तवण्याचं काम करते. पूर्व आयोवा, वायव्य इलिनॉय आणि मिसुरीचा एक कोपरा मिळून ३६ काउंट्या आमच्याकडे येतात. जून ते ऑगस्ट या महिन्यांत कॅनडाकडून थंड, कोरडी हवा अधूनमधून दक्षिणेकडे सरकते. मेक्सिकोच्या आखातावरून वर आलेली दमट हवा तिच्या वाटेत आधीच पसरलेली असते. दोन्ही हवांमधली सीमा म्हणजे कोल्ड फ्रंट. ती सीमा भर उन्हाच्या वेळी आमच्या जवळ येऊन ठेपणार असेल, तर तो दिवस कसा जातो ते इथे लिहिते. महिना जुलै.

सकाळी ८:००

रात्रपाळीचा सहकारी पाच पडद्यांसमोर बसून आहे. तो म्हणतो, “फ्रंट वेळेवर आहे. बाकी काहीच वेळेवर नाही.”

फ्रंट मिनेसोटातून तिरका खाली उतरत आयोवाच्या वायव्य टोकाशी आला आहे. ताशी ४० किलोमीटरच्या आसपास चाल धरली, तर आमच्याकडे यायला त्याला रात्र होईल. हा भाग सोपा आहे, संगणकी मॉडेलं तो चार दिवस आधीपासून सांगत होती. अडचण वेगळीच आहे. रात्री उत्तरेकडे एक वादळांचा पुंजका उठला होता. तो आता मरतोय, पण त्याचे पांढरे पसरट ढग आमच्या डोक्यावर सरकताहेत आणि त्याखालून सुटलेली गार हवा जमिनीलगत दक्षिणेकडे येते आहे. ऊन पडणार की नाही, आणि पडलंच तर कुठे, यावर आजचा दिवस ठरेल.

ओक्लाहोमातल्या नॉर्मन शहरात स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे. अख्ख्या देशातल्या तीव्र वादळांचा आउटलुक तिथून निघतो. आजच्या दिवसाच्या आउटलुकच्या पाच आवृत्त्या असतात. पहिली मध्यरात्रीनंतर येते, दुसरी आत्ता आली. धोक्याच्या पायऱ्याही पाच: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि हाय. आमच्यावर आज तिसरी आहे. वाऱ्याच्या नकाशावर ३० टक्क्यांची रेघ आहे. तुमच्या घरावर वादळ येण्याची शक्यता ३० टक्के, असा तिचा अर्थ नाही. घरापासून २५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरच्या आत कुठे तरी नुकसान करणारा वारा सुटण्याची ती शक्यता आहे. हा फरक आम्हाला वर्षभर लोकांना समजावून सांगावा लागतो.

‘तीव्र’ या शब्दालाही इथे ठरलेलं माप आहे. ताशी ५८ मैल, म्हणजे ९३ किलोमीटर किंवा त्याहून जोराचा वारा, निदान एक इंच व्यासाची गार, नाही तर टोर्नेडो. विजा कितीही कडाडल्या आणि पाऊस कितीही कोसळला, तरी त्यावरून वादळ तीव्र ठरत नाही.

८:४५

पहाटे सोडलेल्या फुग्याची नोंद उघडते. आमच्या कार्यालयातून दिवसात दोनदा फुगा जातो, आणि जगभरची केंद्रं जवळपास त्याच क्षणी आपापले फुगे सोडतात. आमची सकाळची नोंद सातची. तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. फुग्याखाली लटकणारी छोटी पेटी तापमान, आर्द्रता आणि दाब मोजत वर जाते, तिच्या सरकण्यावरून वारा कळतो. ३० किलोमीटरच्या वर कुठे तरी फुगा फुटतो आणि पेटी छोट्या पॅराशूटने खाली येते.

आलेखात जमिनीलगतची हवा भिजलेली दिसते. दवबिंदू २४ अंश सेल्सिअस. त्याच्या वर, साधारण दीड ते तीन किलोमीटरच्या दरम्यान, गरम आणि कोरड्या हवेचा थर. ही हवा नैऋत्येकडच्या उंच, कोरड्या पठारांवर तापून इकडे वाहत आली आहे. इथे तिला सगळे ‘कॅप’ म्हणतात. भांड्यावर झाकण असावं तशी ती खालची दमट हवा दाबून धरते. झाकण फार घट्ट असलं तर दिवसभर उकाडा होतो आणि ढगसुद्धा वाढत नाहीत. फार सैल असलं तर सकाळीच चार सरी पडून हवेतला दम निघून जातो. घोर पडतो तो मधल्या प्रकाराचा. दुपारपर्यंत ऊर्जा साठत राहायची आणि मग फ्रंटच्या धक्क्याने सगळं एकदम वर उसळायचं. आजचं झाकण मधलंच आहे.

त्या साठलेल्या ऊर्जेचा आकडा आम्ही दुपारसाठी काढतो, त्याचं नाव ‘केप’. ढगाळ राहिलं तर किलोमागे हजार-बाराशे ज्यूल, ऊन पडलं तर साडेतीन हजार. दुसऱ्या आकड्याचं गणित मांडलं तर वर चढणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला ८० मीटरच्या पुढे जातो. प्रत्यक्षात पाऊस आणि आजूबाजूची कोरडी हवा त्याला खाली ओढतात आणि वेग निम्म्याच्या आसपास राहतो, पण मोठ्या गारा हवेत तोलून धरायला तेवढाही पुरतो.

उष्णता, बाष्प आणि दुपारचा गडगडाट महाराष्ट्रातल्या वाचकाला नवा नाही, वळीव त्यावरच पडतो. वळवाच्या ढगाला सहसा मिळत नाही ती उंचीनुसार बदलणाऱ्या वाऱ्याची साथ. वारा वरपासून खालपर्यंत एकसारखा असला, की ढगाचा पाऊस त्याच्याच वर चढणाऱ्या हवेत पडतो आणि पाऊणएक तासात ढग स्वतःच विझतो. उंचावर जोराचा वारा असला, की पाऊस एका बाजूला पडतो, ऊब दुसऱ्या बाजूने आत येत राहते आणि वादळ तासन्‌तास जगतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने रब्बी आणि द्राक्षबागा झोडपल्या, तेव्हा उंचावरचे पश्चिमी वारे तेवढे दक्षिणेला उतरले होते. आज आमच्याकडे जमिनीपासून सहा किलोमीटरपर्यंत वाऱ्यात ४० नॉटचा फरक आहे. वादळाला संघटित व्हायला एवढा बास होतो.

९:४५

नकाशा छापून रंगीत पेन्सिली घेते. संगणक समदाब रेषा क्षणात काढून देतो, तरी आमच्या धंद्यात ही सवय अजून टिकून आहे. हाताने रेघ ओढताना एकेका ठाण्याचा वारा, दवबिंदू, तापमान नजरेखालून जातं. दोन शेजारच्या ठाण्यांत तापमानाचा पाच अंशांचा फरक आला की पेन्सिल थांबते.

ती आज हायवे २० च्या जवळ थांबली. उत्तरेला २१ अंश आणि पूर्वेचा मंद वारा, दक्षिणेला २८ अंश आणि नैऋत्येचा वारा. रात्रीच्या वादळांनी सोडलेली गार हवा इथवर येऊन अडली आहे. या सीमेला आम्ही ‘आउटफ्लो’ म्हणतो. फ्रंट शेकडो किलोमीटर लांब असतो आणि त्याच्या पुढे साधारण काय होणार ते ठाऊक असतं. ही मधली रेघ दुपारी नुसती विरून जाईल, किंवा ज्या ठिकाणी फ्रंट तिला येऊन भिडेल तिथलं वादळ बाकीच्यांपेक्षा जास्त फिरायला लागेल.

दक्षिणेकडचा दवबिंदू अजून वाढतोय. त्यातला काही वाटा आखाताचा, काही मक्याचा. जुलैत आयोवाचा मका डोक्याइतका उंच असतो, आणि एका एकरातला मका दिवसाला ११ ते १५ हजार लिटर पाणी हवेत सोडतो. सोयाबीन सोडलं तर मैलोन्‌मैल दुसरं पीक दिसत नाही.

१०:३०

काउंट्यांच्या आपत्ती व्यवस्थापकांशी ऑनलाइन बैठक. कुणाकडे जत्रा आहे, कुणाकडे नदीकाठी तंबूत उतरलेली माणसं. डेव्हनपोर्टच्या नदीकाठच्या बेसबॉल मैदानावर साडेसहाला सामना आहे, दारं त्याच्या तासभर आधी उघडतील. त्या मैदानात एक मोठा आकाशपाळणाही आहे.

एकजण विचारतात, “वादळ किती वाजता येईल ते सांगा, म्हणजे मला माणसं नेमता येतील.”

मी म्हणते, “तुमच्याकडे चार ते सात. धोका मुख्यतः वाऱ्याचा. सुरुवातीला मोठ्या गारा. टोर्नेडोची शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. दीड वाजता मी यातला एक तरी तास कमी करून देईन.”

कामाचं सार या शेवटच्या वाक्यात आहे. प्रत्येक टप्प्यावर काही तरी सांगावंच लागतं, कारण समोरच्याला त्यावर पैसे, माणसं, गाड्या हलवायच्या असतात. आणि त्या टप्प्याला जेवढं कळलंय त्याहून एक शब्द जास्त बोलायचा नसतो. सकाळी साडेदहाला ‘साडेपाचला येईल’ म्हणणारा माणूस आत्मविश्वासू वाटतो. त्याचं साडेपाच चुकलं, की लोक पुढच्या वेळी त्याचं खरंही ऐकत नाहीत.

११:३०

आउटलुकची तिसरी आवृत्ती आली. पायरी तीच राहिली, रेघ थोडी दक्षिणेला सरकली.

एचआरआरआर नावाचं मॉडेल दर तासाला नव्याने चालतं आणि देशाचे तीन-तीन किलोमीटरचे चौकोन करून त्यांत वादळं चितारतं. पुढे रडारवर काय दिसेल त्याचं चित्रच ते काढून देतं, आणि हे चित्र इतकं खरं दिसतं की नव्या माणसाला भुरळ पडते. नऊच्या चित्रात सहा वाजता डेव्हनपोर्टवर धनुष्यासारखी वाकलेली रांग आहे. दहाच्या चित्रात रांग उत्तरेला, शहर कोरडं. अकराच्या चित्रात पुन्हा रांग, पण एक तास उशिरा. तिन्हींत सारखं काय, ते मी टिपून ठेवते. वादळं तीनच्या सुमारास मध्य आयोवात उठतात आणि दीड-दोन तासांत एकमेकांना जोडली जातात. एवढ्यावर मी बोलू शकते. कुठल्या गावावर, ते तीनपैकी एकाही चित्रावरून सांगायचं नाही.

जोडली जाण्याचं कारण मॉडेलशिवायही दिसतं. वरचे वारे फ्रंटला जवळजवळ समांतर वाहताहेत. ते फ्रंटला छेदून गेले असते तर प्रत्येक वादळ सुटं राहून पुढे निघालं असतं. समांतर असले की एकाचा पाऊस दुसऱ्याच्या अंगावर पडतो, सगळ्यांची गार हवा एक होते आणि रांग बनते. सुट्या वादळांत गारा मोठ्या आणि टोर्नेडोचं भय जास्त, रांगेत सरळ वाऱ्याचं. वादळांच्या या स्वरूपाला आमच्याकडे ‘मोड’ म्हणतात आणि दुपारपर्यंत वाद त्याच्यावरच चालतो.

१२:१५

नॉर्मनने जादा फुगा मागितला आहे. एरवी पुढचा संध्याकाळी गेला असता. सोडताना पाच-सहा फूट रुंद असलेला हा फुगा वर जाऊन फुटण्याआधी २० फुटांच्या पुढे फुगतो. दोरी हातात धरून बाहेर आले तेव्हा ऊन होतं. तासाभरापूर्वीचे पांढरे ढग पूर्वेला गेले. नैऋत्येच्या वाऱ्याने फुगा हातातून निघाल्या निघाल्या आडवा ओढला.

तासाभरात नोंद समोर. केप ३,४००. झाकण सकाळपेक्षा पातळ झालंय, पण टिकून आहे. दुपारी ऊन पडलं तर काय, हा सकाळचा प्रश्न निकालात निघाला.

१:३०

दिल्या शब्दाप्रमाणे व्यवस्थापकांना निरोप जातो: पश्चिमेच्या काउंट्या चार ते साडेपाच, मिसिसिपीकाठ साडेपाच ते सात.

आता नजर उपग्रहावर. भूस्थिर गोज उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,८०० किलोमीटरवरून आमच्या भागाची दर मिनिटाला एक प्रतिमा पाठवतो आहे. शेतांवर छोटे, सपाट माथ्याचे ढग ओळीने उमटलेत. माथा सपाट आहे म्हणजे ते झाकणाला टेकून थांबलेत. हायवे २० च्या आउटफ्लोवर त्यांची ओळ दाट आहे. फ्रंटजवळ एखादा ढग वर डोकं काढतो, दहा मिनिटांत विरघळतो. मग त्याच जागी दुसरा. तो विरघळायला जास्त वेळ घेतो.

२:४०

फोन नॉर्मनचा. त्याच फोनवर आमच्याशिवाय डे मॉइनचं आणि इतर शेजारची कार्यालयं आहेत. वॉच काढायची का, कुठल्या काउंट्यांसाठी, किती वाजेपर्यंत, आणि कुठल्या प्रकारची, हे ठरवायचं आहे. वॉच म्हणजे ‘वातावरण तयार आहे, कान उघडे ठेवा’. पुढच्या सहा-आठ तासांची आणि मोठ्या टापूची ती गोष्ट. वॉर्निंग म्हणजे ‘वादळ समोर आहे, आत जा’. ती आम्ही स्थानिक लोकच काढतो, तासाभराच्या आतली आणि मोजक्या गावांपुरती.

टोर्नेडो वॉच की सिव्हिअर थंडरस्टॉर्म वॉच? आउटफ्लोमुळे माझं मन पहिलीकडे झुकतंय, पण वारा फ्रंटला समांतर असल्यामुळे रांग लवकर बनेल असं बाकीच्यांचं म्हणणं पडतं. ते पटण्यासारखं आहे. दुसरी निघते, आणि मजकुरात ‘एखाददुसरा टोर्नेडो शक्य’ हे वाक्य राहतं.

हे वाक्य लिहिण्याची मुभा फुकट मिळालेली नाही. इथल्या सरकारी खात्यात अंदाजात टोर्नेडो हा शब्द वापरणं वर्षानुवर्षं टाळलं जाई. लोक घाबरतील ही भीती होती. २५ मार्च १९४८ ला ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या दोन लष्करी हवामान अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा इशारा दिला. पाचच दिवस आधी त्याच तळावर टोर्नेडोने विमानं उद्ध्वस्त केली होती आणि नकाशा पुन्हा तसाच दिसत होता. त्या संध्याकाळी टोर्नेडो खरोखर तळावरून गेला. टोर्नेडोचा अंदाज करता येतो आणि बोलूनही दाखवता येतो, हे तेव्हापासून मान्य होत गेलं.

३:३०

झाकण गेलं. वॉटरलू शहराच्या पश्चिमेला चार ढग अर्ध्या तासात १५ किलोमीटरच्या वर पोचले. ती हद्द डे मॉइनची, पहिल्या वॉर्निंग त्यांच्या.

आमच्याकडे खुर्च्या वाटल्या जातात. दोघं रडारवर: एकाकडे उत्तरेची वादळं, माझ्याकडे दक्षिणेची. एकजण फक्त वातावरणाचा नकाशा बघणार आणि तासाभराने काय होईल ते आम्हाला सांगत राहणार, कारण रडारवर बसलेल्याला पुढच्या पाच मिनिटांपलीकडे डोकं काढता येत नाही. एकजण फोन, हॅम रेडिओ आणि स्कायवॉर्नच्या स्वयंसेवकांकडे. हे स्वयंसेवक म्हणजे शेतकरी, शिक्षक, निवृत्त पोस्टमन. वसंत ऋतूत आम्हीच त्यांचे वर्ग घेतो. ढगाखाली काय चाललंय ते रडारला दिसत नाही, म्हणून ते लागतात.

का दिसत नाही? रडारचा सर्वांत खालचा झोत अर्ध्या अंशाच्या चढाने निघतो आणि पृथ्वी गोल आहे. १०० किलोमीटरवर तो झोत जमिनीपासून दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. सीडर रॅपिड्स शहर आमच्या रडारपासून जवळपास तेवढंच लांब पडतं.

४:०५

बेंटन काउंटीवर पहिली वॉर्निंग. पडद्यावर वादळासमोर बहुकोन काढायचा. २००७ पर्यंत इशारा अख्ख्या काउंटीला जाई, वादळ एका कोपऱ्यातून निघून गेलं तरी. आता आम्ही गावाच्या अलीकडे-पलीकडे रेघ मारू शकतो, आणि प्रत्येक रेघेला कुणी तरी आत येतो, कुणी बाहेर राहतो.

गार केवढी असेल? दुहेरी ध्रुवीकरणाचं रडार आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडतं. पावसाचे मोठे थेंब पडताना चपटे होतात, गारा गडगडत येतात, म्हणून दोन्ही लहरींचं उत्तर वेगवेगळं येतं. मी दीड इंच लिहिते. अकरा मिनिटांनी एक स्वयंसेवक गोल्फच्या चेंडूएवढ्या गारांचा फोटो पाठवतो. म्हणजे पावणेदोन इंच. पुढच्या निवेदनात आकडा बदलला.

४:५०

वादळं जोडली गेली. सीडर रॅपिड्सवरून रांग जाते आहे आणि तिचा मधला भाग पुढे वाकायला लागलाय. मागून येणारा कोरडा वारा पावसात शिरून गार होतो, जड होतो आणि खाली कोसळून पुढे धावतो. जिथे तो सर्वांत जोरात आहे तिथे रांग धनुष्यासारखी वाकते.

सीडर रॅपिड्सचं नाव पडद्यावर आलं की खोलीतली बोलणी तुटक होतात. १० ऑगस्ट २०२० च्या डेरेचोत, म्हणजे शेकडो किलोमीटर सरळ वाऱ्याने झोडपत जाणाऱ्या वादळात, तिथे वाऱ्याचा वेग ताशी १४० मैलांपर्यंत पोचला असावा असा अंदाज नुकसानीवरून काढला गेला. शहराने आपली निम्म्याहून जास्त झाडी गमावली आणि राज्यभर मका आडवा झाला. आजचं वादळ त्या जातीचं नाही. वेगाच्या नोंदीत ताशी ७० मैल दिसताहेत. वॉर्निंगवर मी ‘कन्सिडरेबल’ ही खूण लावते.

तिच्या वरची खूण ‘डिस्ट्रक्टिव्ह’. ताशी ८० मैल वारा किंवा पावणेतीन इंचाची गार असेल तर ती लावायची, आणि तेव्हाच त्या टापूतले सगळे फोन एकदम किंचाळतात. या खुणा २०२१ च्या उन्हाळ्यात सुरू झाल्या. प्रत्येक साध्या वादळाला फोन वाजले तर लोक ते बंदच करून टाकतील, म्हणून ही पायरी मुद्दाम वर ठेवली आहे. शेजारचा सहकारी विचारतो, “८० लावायचं का?” खालच्या झोताची पुढची फेरी येईपर्यंत दीड मिनिट थांबतो. ७२. खूण तीच राहते.

५:१०

डेव्हनपोर्ट ज्यात येतं त्या स्कॉट काउंटीला वॉर्निंग. बेसबॉल मैदानाच्या लोकांशी बोलणं चारलाच झालं होतं. त्यांनी दारं न उघडायचं ठरवलं आणि आकाशपाळणा रिकामा ठेवला.

उत्तरेचा सहकारी ओरडतो, “आउटफ्लोवर बघ.” सकाळी पेन्सिलीने काढलेल्या रेघेवर रांगेत एक छोटा भोवरा उठला आहे. अशा भोवऱ्याचं आयुष्य कधी कधी पाच-दहा मिनिटांचंच असतं, रडारच्या दोन फेऱ्यांत तो जन्मून संपतो. वाट पाहिली तर इशारा टोर्नेडोच्या मागून जाईल. म्हणून आधी तीन गोष्टी बघायच्या. रांगेला काटकोनात जाणारा खालच्या थरातला वाऱ्याचा फरक ३० नॉटच्या वर आहे का, रांग आपल्याच गार हवेच्या पुढे-मागे न जाता तिच्याशी तोल राखून आहे का, आणि मागून वाऱ्याचा लोंढा आत शिरतोय का. ही कसोटी मिसुरीतल्या आमच्याच खात्याच्या लोकांनी बसवली. तिन्ही उत्तरं होकारार्थी. तो टोर्नेडो वॉर्निंग काढतो, वीस मिनिटांची. फोन वाजतात.

५:४५

वादळ आमच्याच डोक्यावर. गंमत अशी की रडारच्या बरोबर वरचं आकाश रडारला दिसत नाही, झोत तेवढा उभा होत नाही. शिकागोजवळच्या, लिंकनच्या आणि मिल्वॉकीच्या रडारवरून आमचं स्वतःचं छप्पर बघायचं. विमानतळावर ताशी ६१ मैलांची नोंद. वीज जाते, जनरेटर लागतो, दोन सेकंद सगळे पडदे काळे होतात आणि परत येतात. कुणी खिडकीकडे जात नाही. पुढची वॉर्निंग इलिनॉयच्या तीन काउंट्यांसाठी बाकी आहे.

६:३०

बाहेर २० अंश. लोक सोशल मीडियावर लिहिताहेत, ‘फ्रंट गेला, बरं वाटलं.’ फ्रंट अजून शंभरेक किलोमीटर मागे आहे. गेली ती वादळाची गार हवा. दवबिंदू अजून वरच आहे. फ्रंट खरंच जाईल तेव्हा वारा वायव्येचा होईल आणि दवबिंदू उतरेल, रात्री नऊनंतर. मधल्या अडीच तासांत मागे आणखी एखादं वादळ उठेल का? वातावरण बघणारा सांगतो, ऊर्जा संपली आहे, फार तर पाऊस. तेव्हा कुठे पश्चिमेच्या काउंट्यांमधली वॉच आम्ही उठवायला घेतो.

संध्याकाळचा फुगा विजांमुळे उशिरा गेला. आता नोंदी गोळा करायच्या. शेरीफच्या नियंत्रण कक्षांना, अग्निशमन दलांना, वीज सहकारी संस्थांना फोन. ‘झाड पडलं’ पुरत नाही. किती जाड, हिरवं की पोकळ, किती वाजता? धान्याची रिकामी कोठी उडाली असेल तर कुठल्या दिशेला? गारेशेजारी नाणं ठेवलं होतं का?

८:००

पाळी चारला संपायची होती. रात्रपाळीला हवाली करायच्या गोष्टी थोड्या आहेत: दोन नाल्यांना चढलेलं पाणी, उरलेली वॉच, आणि उद्याची पाहणी.

भोवरा गेला तिथे एका शेतघराचं छप्पर उडालं आहे. टोर्नेडो की सरळ वारा, हे तिथे जाऊनच कळेल. नुकसानीच्या आकारावरून वाऱ्याची चाल वाचण्याची ही विद्या शिकागो विद्यापीठातल्या टेड फुजिता यांनी घडवली. आडवा झालेला मका आणि झाडं सगळी एका दिशेला किंवा पंख्यासारखी बाहेर पसरलेली असतील तर वरून कोसळलेला वारा, आतल्या बाजूला वळलेली असतील तर टोर्नेडो. उद्या सकाळी दोघं जातील, वरून ड्रोनने फोटो घेतील.

हिशोब त्यानंतर लागतो. प्रत्येक बहुकोनात काही घडलं की नाही ते तपासलं जातं. देशभराचा विचार केला तर टोर्नेडोच्या दहा वॉर्निंगपैकी सुमारे सातांत टोर्नेडो होत नाही, आणि तो आकडा कमी करायला इशारे आखडते घेतले की न सांगता आलेले टोर्नेडो वाढतात. हे दोन्ही आकडे आमच्या नोंदीत येतील. शेतघरातल्या माणसांनी इशारा ऐकला होता का, ऐकून ती तळघरात गेली का, की फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होता, हे त्यात येत नाही. उद्या पाहणीला जाणाऱ्या दोघांच्या यादीत हे प्रश्न मी सर्वांत वर लिहून ठेवले आहेत.